माहेर नसलेलं आडनाव

(मिसिसिपीतल्या एका लहान गावातलं हॉस्पिटल, सोमवारची सकाळ. पलंगावर नेड्रा, खुर्चीत तिची सासू ऑगस्टा. तीन दिवसांची मुलगी काचेच्या पाळण्यात झोपलेली.)

ऑगस्टा : शिवाय नाव पोर्चवर उभं राहून हाक मारून बघायचं असतं. दोन शेतं ओलांडून गेलं, तर ते चांगलं. माझ्या वडिलांनी आम्हा दोघा भावंडांची नावं अशीच पारखून घेतली.

नेड्रा : अशी हाक गाईलाही मारतात, मिस ऑगस्टा.

ऑगस्टा : गाय हाक न मारताही परत येते. मुलींचं तसं नाही.

नेड्रा : आणि आमच्या ट्रेलरच्या घराला पोर्च नाहीच. तीन पायऱ्या आहेत, त्यातली मधली डुगडुगते.

ऑगस्टा : ती नीट कर म्हणून रॉईसला मी ईस्टरपासून सांगतेय. पण माझ्या मुलाचं खरं घर नदीवर. अठ्ठावीस दिवस बोटीवर, चौदा दिवस जमिनीवर, आणि त्या चौदातले दहा सोफ्यावर. काय म्हणाला काल फोनवर?

नेड्रा : 'तुम्ही दोघी ठरवाल ते.'

ऑगस्टा : एवढंच?

नेड्रा : मग आवाज गेला. बोटीवरून एवढंही ऐकू आलं हे नशीब.

ऑगस्टा : मी लग्नाची तारीख विचारली तेव्हा त्याचा बापही हेच म्हणाला होता. टर्नेज पुरुषांना मत नसतं, भूक असते. बरं, अकरा वाजता ती फॉर्मवाली बाई येणार. दुपारी तुम्हाला घरी सोडणार. मी काही दबाव आणत नाहीये.

नेड्रा : नाही. नुसती खुर्ची पलंगाला चिकटवून बसलायत.

ऑगस्टा : मला कमी ऐकू येतं.

नेड्रा : चर्चमध्ये मागच्या बाकावरची कुजबूज बरी ऐकू येते.

ऑगस्टा : ती ऐकण्यासारखी असते. टाके दुखतायत का?

नेड्रा : हसले की दुखतात. म्हणजे तसे बरे आहेत.

ऑगस्टा : मग ऐक. रीत तुलाही माहीत आहे. मुलगी लग्न करून जाते, तिचं माहेरचं आडनाव पुसलं जातं. म्हणून तिला पहिली मुलगी झाली की ते आडनाव मुलीला नाव म्हणून द्यायचं. मला मुलगी झाली असती तर ती हॉलिस झाली असती. मला झाला रॉईस.

नेड्रा : म्हणजे रितीप्रमाणे ही लार्किन. माझं माहेरचं आडनाव लार्किन.

ऑगस्टा : रितीप्रमाणे, हो. मी नाकारत नाही.

नेड्रा : पण?

ऑगस्टा : पण रीत कशासाठी असते? नावाच्या मागे काहीतरी असतं, ते पुढे जावं म्हणून.

नेड्रा : आणि लार्किनच्या मागे काय आहे?

ऑगस्टा : मी तसं म्हटलं नाही.

नेड्रा : म्हणा की. मी रागावत नाही. मला हे नवीन नाही. तुमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा तुम्ही मला काय विचारलंत, आठवतं?

ऑगस्टा : गोड चहा घेणार का, असं विचारलं असेन.

नेड्रा : त्याच्या आधी. 'तुझी माणसं कोण?' अजून मी खुर्ची नीट ओढलीही नव्हती.

ऑगस्टा : ते सगळेच विचारतात. इथे माणसाला बसवायचं कुठे हे त्याशिवाय कळत नाही.

नेड्रा : मी काय उत्तर दिलं, ते आठवतं?

ऑगस्टा : 'जरा बटाटे इकडे द्या' म्हणालीस.

नेड्रा : तुम्ही दिलेत. परत विचारलं नाहीत. मला तेव्हा तुम्ही आवडलात.

ऑगस्टा : रॉईसने मला टेबलाखालून लाथ मारली होती.

नेड्रा : आज समजलं. चला, हेही गेलं.

ऑगस्टा : नंतर त्याने सांगितलं मला. बालाश्रमाचं. मी पुन्हा विषय काढला नाही. ती सभ्यता आहे असं मला वाटत होतं.

नेड्रा : असेल. मला वाटायचं, तुम्हाला ऐकायचा कंटाळा आहे. मग आता सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की तुमचा मुद्दा बरोबरच आहे. मी चार वर्षांची होते. आईने मला तिथे सोडलं, फॉर्म भरला. नाव नेड्रा लार्किन, पत्ता अमुकतमुक. पुढच्या आठवड्यात त्यांनी पत्र पाठवलं, ते परत आलं. त्या रस्त्यावर त्या नंबरचं घरच नव्हतं. पत्ता खोटा, मिस ऑगस्टा. मग आडनाव खरं कशावरून?

ऑगस्टा : मला हे माहीत नव्हतं.

नेड्रा : रॉईसलाही नाही. आश्रमात आम्हाला आडनावाने हाक मारायचे, कारण मुलांची नावं सारखीच असायची. 'लार्किन, बशा उचल.' 'लार्किन, मोजे.' मी ज्या ज्या गावात काम केलं, तिथल्या फोनच्या वहीत एलचं पान काढून बघायचे. सगळीकडचे मिळून अकरा लार्किन सापडले. अकराही जणांना फोन केला. 'तुमच्या घरातली कोणी मुलगी निघून गेली होती का?' असं विचारायचं. दहा जण नाही म्हणाले. एक बाई शिव्या देऊन नाही म्हणाली, ती दहांत धरलीय.

ऑगस्टा : आणि अकरावा?

नेड्रा : म्हातारा होता. तोही नाहीच म्हणाला, पण फोन ठेवेना. त्याच्या कुत्र्याचं सांगत बसला, गुडघ्यांचं, पावसाचं. वीस मिनिटं. शेवटी म्हणाला, 'तू माझी कोणी नाहीस, पण रविवारी परत कर फोन.'

ऑगस्टा : केलास?

नेड्रा : नाही. मला माझी माणसं हवी होती, कोणाही म्हाताऱ्याचे गुडघे नको होते. दोन वर्षांनी केला, तेव्हा नंबर बंद झालेला.

ऑगस्टा : हं.

नेड्रा : म्हणून सांगते, लार्किनच्या मागे काय आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बंद नंबर आहेत.

ऑगस्टा : मुली, मग तर तूच बघ. हॉलिस नाव दिलंस तर हिला कोणी विचारायचंच नाही. चर्चच्या पूर्वेच्या खिडकीखाली तिच्या खापरपणजोबांचं नाव आहे. पोस्टासमोरचा रस्ता हॉलिस रस्ता. आमच्या जुन्या कापसाच्या जिनिंगच्या विटांवर अजून अक्षरं दिसतात. शाळेत पहिल्या दिवशी बाई हजेरी घेतील आणि मान वर करून बघतील. पाया घातलेला आहे, तिने फक्त वर राहायला जायचं.

नेड्रा : छान बोलता. हे कधीपासून तयार केलंत?

ऑगस्टा : काय तयार केलं?

नेड्रा : मी विचारतेय, हे मला पटवायचं कधी ठरवलंत? शुक्रवारच्या आधी की नंतर?

ऑगस्टा : मला कळलं नाही.

नेड्रा : काल दुपारी चर्च सुटल्यावर डॉरिस ड्यूटीवर आली. इथली नर्स, तुमच्याच चर्चची. माझं अभिनंदन केलं, रक्तदाब घेतला, आणि हे ट्रेवर ठेवून गेली. मी कालपासून उशीखाली ठेवलंय. वाचू?

ऑगस्टा : नेड्रा.

नेड्रा : 'वेदीवरची गुलाबाची कळी रॉईस व नेड्रा टर्नेज यांची कन्या हॉलिस हिच्या जन्मानिमित्त.' रविवारचं पत्रक. खाली जेवण पोचवणाऱ्यांची यादी. सोमवार, कोंबडी-भात. मंगळवार, हॅम. बुधवारी गोडाला दोघींनी भोपळ्याची पाईच लिहिलीय, त्यांचं भांडण होणार.

ऑगस्टा : पत्रक शुक्रवारी दुपारी छापायला जातं. इमोजीनचा, चर्चच्या कारकून बाईचा, इथल्या काउंटरवर फोन आला. म्हणाली, कळी ठेवायची तर नाव आत्ता हवं.

नेड्रा : मी इथे शंभर पावलांवर होते.

ऑगस्टा : तू गुंगीत होतीस. नुकतं पोट शिवलं होतं.

नेड्रा : संध्याकाळी शुद्धीवर आले. तुम्ही खुर्चीत बसून मला बर्फ भरवत होतात. तेव्हाही बोलला नाहीत. शनिवारी नाही. काल नाही. आजही, मघापासून पोर्च काय, गाय काय. नाव छापून झालंय आणि तुम्ही मला हाक मारून बघायला सांगताय.

ऑगस्टा : तू हो म्हणाली असतीस तर कळलंच नसतं.

नेड्रा : मी हो म्हणणार होते.

ऑगस्टा : काय?

नेड्रा : हॉलिसच म्हणणार होते. शुक्रवारी पहाटे तुम्ही मला गाडीतून इथे आणत होतात, मला कळा येत होत्या आणि तुम्ही तीसच्या वेगाने चालवत होतात, तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, या बाईला मी आजवर काही दिलेलं नाही. ख्रिसमसला हातमोजे देते, ते तुम्ही घालत नाही. तर हे द्यावं. तुम्ही विचाराल, मी जरा आढेवेढे घेईन, आणि मग देईन. तुमचं तोंड बघायचं होतं मला.

ऑगस्टा : मला माहीत नव्हतं.

नेड्रा : कसं असणार? तुम्ही विचारलंच नाहीत. जे मी देणार होते ते तुम्ही उचलून घेऊन गेलात. आता मी काय देऊ? छापलेल्यावर सही करू?

ऑगस्टा : हातमोजे मी घालत नाही, कारण ते चांगले आहेत.

नेड्रा : ते राहू द्या आता.

ऑगस्टा : माफ कर म्हणायला मला जमत नाही. मला कधी शिकवलं नाही. पण का केलं ते सांगू शकते.

नेड्रा : सांगा. बाळ झोपलंय तोवर.

ऑगस्टा : लॉटी क्रम्प मार्चमध्ये गेली.

नेड्रा : मी होते की दफनाला. तुमच्यासाठी छत्री धरली होती.

ऑगस्टा : शाळेत आम्ही दोन ऑगस्टा होतो. त्यामुळे मला नुसतं ऑगस्टा कोणी म्हणत नसे. गसी हॉलिस. पूर्ण. वर्गात, मैदानात, रस्त्यावर. मग लग्न झालं, मिसेस टर्नेज झाले, मग रॉईसची आई, मग म्हातारपणी मानाने मिस ऑगस्टा. लॉटी तेवढी शेवटपर्यंत म्हणायची. रोज सकाळी साडेसातला फोन. 'गसी हॉलिस, उठलीस का?' मी साडेपाचला उठते. तिलाही ते माहीत होतं.

नेड्रा : हं.

ऑगस्टा : ती गेल्यावर एक दिवस हिशेबात आलं की मला त्या नावाने ओळखणारं आता कोणी जिवंत नाही. भाऊ अटलांटात गेला आणि तिथेच मेला. त्याच्या मुली कुठे आहेत, कोणत्या नावाने आहेत, देवाला ठाऊक. ख्रिसमसचं कार्डसुद्धा छापील येतं, सही पण छापील. साडेसात वाजले की मी फोनकडे बघते. मूर्खपणा आहे. पण मान वळते. शुक्रवारी इमोजीनने विचारलं, नाव काय, आणि मी म्हटलं, हॉलिस. तिने तिकडून परत म्हटलं, 'हॉलिस? किती छान.' पाच महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं. मग मला ते परत घेता येईना.

नेड्रा : मला सांगायचं होतंत.

ऑगस्टा : काय सांगणार? की मला एकटं वाटतं? आमच्यात तसं सांगत नाहीत. आम्ही जेवण घेऊन जातो.

नेड्रा : दार वाजतंय. आत या.

ओनीटा : गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग. मी ओनीटा, जन्मनोंदणीची. अगंबाई, ही बघा कशी झोपलीय, जगाची पर्वा नाही. मिस ऑगस्टा, तुम्ही? तुम्ही मूळच्या हॉलिसांच्या ना? माझे आजोबा तुमच्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी होते. सव्वीस वर्षं.

ऑगस्टा : कोण? आर्लो?

ओनीटा : तेच. तुम्हाला अजून आठवतात? मी आजच आईला म्हणाले, हॉलिसांपैकी आता कोणी उरलं नसेल, नाही का. आई म्हणाली, संपले सगळे.

ऑगस्टा : नाही. एक आहे.

ओनीटा : बरं वाटलं ऐकून. कुठे असतात ते?

नेड्रा : फॉर्म बघू का मी?

ओनीटा : हा घे, बाळ. बाकी सगळं मी भरलंय. बापाचं नाव, तुझं नाव, वजन, वेळ. आईचं लग्नाआधीचं आडनाव, लार्किन. बरोबर? तू कुठल्या लार्किनांपैकी गं? त्या पेट्रोल पंपवाल्यांच्या?

नेड्रा : नाही.

ओनीटा : मग तलावापलीकडचे, ते मधमाश्यांवाले? नाही, ते लारकिन्स. तुझी माणसं कोण मग?

ऑगस्टा : ओनीटा, तुझ्या आजोबांनाही अशाच चौकशा असायच्या. त्यांचं वजन म्हणून कधी वेळेवर व्हायचं नाही.

ओनीटा : खरंय, खरंय. माझं तोंड असंच. तर राहिलंय फक्त मुलीचं नाव. डॉरिस म्हणत होती की ठरलंय, हॉलिस. लिहू का?

नेड्रा : ठरलेलं नाही.

ओनीटा : अजून नाही? मग दोन मनात असतील. असतातच. सोपं आहे, एक पहिलं टाक आणि एक मधलं. दोघी खूश.

ऑगस्टा : मधलं नाव म्हणजे अडगळीची खोली. रॉईसचं मधलं नाव हॉलिस आहे. त्याने खिडकी फोडली की मी पूर्ण नावाने ओरडायचे. आयुष्यात तेवढंच वापरलं गेलं. चार खिडक्या.

ओनीटा : तेही खरं. माझ्या आईने माझं मधलं नाव कधी उच्चारलं, की मी मागच्या दाराने पळायचे. बरं, मी शेजारी जाऊन येते, तिकडे जुळी आहेत, तिथे चार नावांवरून रडारड चालू आहे. फॉर्म इथेच ठेवते. कोरा ठेवलात तरी चालेल म्हणा, पण मग पुढे राजधानीत, जॅक्सनला, पत्रं लिहीत बसावं लागतं. लिहून ठेव, बाळ. मी येते.

ऑगस्टा : आर्लोची नातच ती.

नेड्रा : तिला वाईट बोलायचं नव्हतं.

ऑगस्टा : माहीत आहे. म्हणूनच लागलं.

नेड्रा : 'एक आहे' म्हणालात. आवाज नाही हलला तुमचा.

ऑगस्टा : सवय आहे. नेड्रा, माझं झालं बोलून. तू लार्किन लिही. रीत तुझ्या बाजूने आहे आणि चूक माझी आहे.

नेड्रा : मला शिक्षा म्हणून नाव नाही ठेवायचं. तुम्हाला द्यायचं म्हणूनही नाही, आता ते गेलं. मला एवढं सांगा. खरं सांगायचं. हिला 'हॉलिस' म्हणून हाक मारलीत, की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येईल?

ऑगस्टा : ही.

नेड्रा : मिस ऑगस्टा.

ऑगस्टा : माझे वडील येतील. जिनिंगच्या ओट्यावर, टोपी मागे सरकवलेली, अंगभर कापसाचे तंतू. त्यांना सगळे नुसतं हॉलिस म्हणत. मग भाऊ. मग लॉटी, फोनवर.

नेड्रा : आणि ही?

ऑगस्टा : येईल. थोडी मागून येईल.

नेड्रा : किती मागून?

ऑगस्टा : मी एकोणऐंशीची आहे. कदाचित वेळ पुरणार नाही.

नेड्रा : खरं बोललात.

ऑगस्टा : तू सांगितलंस म्हणून. एरवी मी नसते बोलले.

नेड्रा : आश्रमात जेवणाच्या खोलीत हाक यायची, 'लार्किन.' मी उठायचे. बाकी कोणी मान वर करायचं नाही. स्मिथ म्हटलं की तिघं उठायची, एकमेकांकडे बघायची, हसायची. मला स्मिथ व्हायचं होतं. रात्री प्रार्थनेत मी तेच मागायचे.

ऑगस्टा : स्मिथ. देवाने ऐकलं नाही ते बरं झालं.

नेड्रा : पण आत्ता वाटतं, ती हाक पूर्ण माझी असायची. बशा उचलायलाच असेल. पण त्यात दुसरं कोणी नसायचं. मला कोणाच्या खुर्चीत बसावं लागलं नाही. आश्रमात खुर्च्यांवर नंबर होते, ज्याची त्याची वेगळी.

ऑगस्टा : आणि तो पत्ता? आडनाव खोटं असेल म्हणत होतीस.

नेड्रा : असेलही. आईने कुठल्यातरी पाटीवर वाचून लिहिलं असेल.

ऑगस्टा : किती वर्षं ओ देते आहेस तू त्याला?

नेड्रा : सव्वीस.

ऑगस्टा : मग झालं ते खरं. आमच्या पहिल्या हॉलिसने व्हर्जिनियात कुणाचं तरी घोडं चोरलं आणि इथे येऊन नाव बदललं, असं माझी आत्या म्हणायची. खिडकीखाली ते कोरलेलं नाही.

नेड्रा : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

ऑगस्टा : तू कुटुंबातली नव्हतीस.

नेड्रा : तीन वर्षं झाली लग्नाला.

ऑगस्टा : घोड्याचं सांगायला जास्त लागतात.

नेड्रा : हसवू नका. टाके.

ऑगस्टा : त्या बाईचं पेन उमटत नाही. हे माझं घे.

नेड्रा : तुम्ही बघू नका. खिडकीकडे तोंड करा.

ऑगस्टा : हे बघ, केलं.

नेड्रा : मधलं रिकामं ठेवते. पुढे तिला काही भरायचं असेल तर ती भरेल. झालं. वळा आता. वाचा.

ऑगस्टा : चष्मा नाही माझ्याजवळ.

नेड्रा : गळ्यात आहे.

ऑगस्टा : हो. आहे. लार्किन टर्नेज. अक्षर चांगलं आहे तुझं.

नेड्रा : रडताय?

ऑगस्टा : नाही. साठ सालानंतर नाही. मला वाटलं होतं, मनाला कमी लागेल.

नेड्रा : मी अजून रागावलेली आहे. घरी पोचेपर्यंत जाईल असंही नाही.

ऑगस्टा : असू दे. तुमच्या ट्रेलरमध्ये मी रोज सकाळी येणार आहे, रॉईस येईपर्यंत. रागावायला तुला समोर कोणीतरी लागेल.

नेड्रा : किती वाजता येणार?

ऑगस्टा : तू सांगशील तेव्हा.

नेड्रा : साडेसातला या. माझ्याजवळ तेव्हा कोणीच नसतं.

ऑगस्टा : बरं. साडेसातला. त्या मधल्या पायरीवर पाय देत नाही. आता तो फोन इकडे सरकव. इमोजीन बारा वाजता जेवायला जाते.

नेड्रा : आज कशाला? उद्या करा.

ऑगस्टा : उद्यापर्यंत माझं मन फिरेल. मी मला ओळखते. नऊ दाबून मग नंबर लावायचा ना इथे?

नेड्रा : नऊ. थांबा, वायर अडकलीय. हं, आता.

ऑगस्टा : इमोजीन? मी ऑगस्टा टर्नेज. हो, दोघी ठीक आहेत, दुपारी घरी नेतेय. ऐक, कालच्या पत्रकात मुलीचं नाव चुकलंय. नाही, तुझं टायपिंग बरोबर होतं. चूक माझी. मी माझ्या मनातलं सांगितलं, तिच्या आईला विचारलं नाही. येत्या रविवारी दुरुस्ती छाप. 'नजरचुकीने' नको. 'ऑगस्टा टर्नेज यांनी चुकीचं कळवलं' असं छाप. हो, माझ्या नावासकट. लोक बोलतील, मग बोलू देत. आता लिहून घे. लार्किन. हो, तिच्या आईच्या माहेरचं. नाही, ते पंपवाले नव्हेत. तेही नव्हेत. नाही, इमोजीन, तू नाही ओळखत त्यांना. मी? मी ओळखते. सगळ्यांना ओळखते. दोघीच आहेत.